कानांनी वाचलेली कादंबरी

आजचा विषय जाहीर झाल्यावर आपल्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी काहींनी आम्हाला जरा चेष्टेनेच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत रक्तपिपासू पिशाच्चाच्या प्रेमकथेचं काय काम? प्रश्न रास्त आहे. पण या विषयाकडे आम्ही वळलो ते दुसऱ्याच एका प्रश्नामुळे. मागे एका व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. पुस्तक हातात धरत नाही. कानात इयरफोन घालून तासन्‌तास इंग्रजी कादंबऱ्या ऐकते, त्याही असल्या जादूच्या आणि प्रेमाच्या. आणि वर मला सांगते, आई, या महिन्यात मी चार पुस्तकं वाचली. याला वाचन म्हणायचं का हो?"

आम्ही तेव्हा काहीतरी मोघम बोलून सुटलो. घरी जाताना मात्र तो प्रश्न सुटेना. कारण त्या एका प्रश्नात दोन तक्रारी होत्या. एक, मुलगी वाचत नाही, ऐकते. दुसरी, जे ऐकते तेही "असलं". या दोन्ही तक्रारींना स्वतःचा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे ते दोन इतिहास बरेचदा एकाच वाटेने चाललेले दिसतात. आज आपण ती वाट थोडी चालून बघू.

उदाहरण म्हणून एकच पुस्तक धरू. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ साली अमेरिकेत आली. बेला स्वान नावाची सतरा वर्षांची मुलगी वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते आणि वर्गातल्या एडवर्ड कलन या मुलाच्या प्रेमात पडते. एडवर्ड दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्मलाय १९०१ मध्ये. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता त्याला पिशाच्चयोनी मिळालेली असते. या कादंबरीचं ध्वनिपुस्तक इलियाना कदुशिन या अभिनेत्रीने वाचलं आहे आणि ते साधारण तेरा तासांचं आहे. हे तेरा तास लक्षात ठेवा, आपल्याला पुढे हिशेबाला लागणार आहेत.

आता आधी आपल्या घरातून सुरुवात करू. 'कादंबरी' हा शब्द आपण रोज वापरतो. तो आला कुठून? सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने 'कादंबरी' नावाची गद्यकथा लिहिली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने पुरी केली. कादंबरी हे त्यातल्या नायिकेचं नाव. इंग्रजी 'नॉव्हेल' मराठीत आली तेव्हा तिला काय म्हणायचं असा प्रश्न पडला. काही जण 'नावल' म्हणत, त्यात 'नवल' या शब्दाचाही आवाज यायचा. पण टिकलं ते बाणाच्या नायिकेचं नाव.

आणि या मूळ 'कादंबरी'त आहे काय? तरुण प्रेमिकांच्या दोन जोड्या, शाप, पुनर्जन्म, गंधर्वलोक. प्रियकर मरतो आणि प्रेयसी तो परत येण्याची वाट बघत थांबते. आजच्या पुस्तकाच्या दुकानात ती कुठल्या फळीवर ठेवतील, सांगा बरं? तरुणांसाठीची अद्भुत प्रेमकथा, दुसरं काय!

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही कथा सांगतो कोण? शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते आणि तो पोपट बोलू लागतो. आपण जाबाली ऋषींच्या तोंडून ऐकलेली गोष्ट तो राजाला ऐकवतो. म्हणजे ऋषी सांगतात, पोपट ऐकतो, पोपट सांगतो, राजा ऐकतो. आणि शेवटी कळतं, की तो ऐकणारा राजाच गेल्या जन्मीचा नायक चंद्रापीड आहे. परक्याची म्हणून ऐकायला घेतलेली गोष्ट आपलीच निघते. ज्या पुस्तकावरून आपण या सगळ्या प्रकाराला नाव दिलं, त्या पुस्तकातच कथा ही ऐकण्याची गोष्ट आहे.

आपल्या भाषेनेही ऐकणं कधी कमी लेखलं नव्हतं. विद्वान माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलंय तो. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. चातुर्मासात देवळात किंवा घरी पोथी लावायची, श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही रीत आपल्यापैकी काहींनी लहानपणी पाहिलीही असेल. पोथी ऐकलेल्या आजीला कोणी म्हटलं नाही, की आजी, तू ऐकलीस, वाचली नाहीस, म्हणून तुला पुण्य निम्मं.

मग छापलेली कादंबरी आली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्या. राजकन्या, कपटी कारस्थानं, ताटातूट, पुनर्भेट. 'मंजुघोषे'त तर चक्क विमान आहे, आणि माणसाने खरं विमान उडवायला तेव्हा अजून पस्तीस वर्षं होती.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत एक फार प्रामाणिक कबुली दिली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या लोकांतल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असं काही घडतच नाही. जे रोज अनुभवतो तेच लिहिलं तर त्यात मन रमायचं नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावंच लागतं.

यावर जरा थांबू या. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न वडील माणसं ठरवणार, अशा समाजात दोन तरुण माणसांनी एकमेकांना बघावं, निवडावं, नकार द्यावा, वाट बघावी, हे कुठे घडणार? खऱ्या पुण्यात किंवा खऱ्या रत्नागिरीत तर नाहीच. म्हणून मग दूरचं राज्य लागतं, गंधर्व लागतात, विमान लागतं. अद्भुत हा पळपुटेपणा आहे असं आपण सहज म्हणतो. रिसबुडांचं म्हणणं वेगळं होतं. समाजाने जी जागा ठेवलीच नव्हती, ती कागदावर तयार करायची तर अद्भुताशिवाय दुसरी सोय नव्हती. बेलाला सगळ्या जगाविरुद्ध जाऊन स्वतः जोडीदार निवडायचा आहे, आणि त्यासाठी लेखिकेला पिशाच्च लागलं. दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण सोय तीच आहे.

या कादंबऱ्यांवर टीकाही लगेच झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल आणि नाटक यांवर निबंधच लिहिला. पुढे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली, वास्तववादी कादंबरीचा दबदबा वाढला आणि 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अभ्यासक्रमाच्या तळटीपेत गेल्या.

पण वाचत कोण होतं? १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभर पुरुषांत साधारण दहा साक्षर होते, आणि स्त्रियांत शंभरात एकही पुरती नव्हती. म्हणजे कादंबरी घरात आली तर ती बहुतेकांपर्यंत पोचणार ती कोणाच्या तरी आवाजातून. एक वाचणार, बाकीचे ऐकणार. त्यामुळे कादंबरी म्हणजे एकट्याने, मुकाट्याने वाचायचा प्रकार, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही.

आता थोडं दूर जाऊ, क्यूबाला. हवानामधल्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून एक वेगळीच नोकरी सुरू झाली, 'लेक्तोर', म्हणजे वाचक. कामगार बाकांवर बसून तंबाखूची पानं वळायचे, आणि उंच चौथऱ्यावर बसलेला लेक्तोर त्यांना आधी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत आणि कोणती कादंबरी हे मतदानाने ठरे. ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्यांना इतकी आवडली, की 'माँतेक्रिस्तो' हे नाव पुढे सिगारलाच मिळालं.

सरकारला हे आवडलं नाही. १८६६ मध्येच या वाचनावर बंदी आली, पुढे ते पुन्हा सुरू झालं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळच्या यबोर सिटीत क्यूबन कामगारांनी हीच रीत नेली. तिथे १९३१ मध्ये मालकांनी लेक्तोरचे चौथरे काढून टाकले, कारण त्यांच्या मते हे वाचक कामगारांत डावे विचार पसरवत होते. कामगार संपावर गेले. संप फसला, आणि चौथऱ्याच्या जागी रेडिओ आला. ऐकलेलं वाचन नुसता टाइमपास असतं, तर मालक घाबरले असते का?

आता यंत्राकडे येऊ. थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. पुढच्याच वर्षी त्याने एका मासिकात या यंत्राचे उपयोग लिहिले. त्यात अंध माणसांसाठी बोलणारी पुस्तकं हा एक होता. दहा इंच चौरस पत्र्यावर चाळीस हजार शब्दांचं पुस्तक मावेल, असा त्याचा अंदाज होता. अंदाज फारच उत्साही निघाला. मेणाच्या नळकांड्यावर प्रत्यक्षात दोन-चार मिनिटं मावत. आपले तेरा तास आठवतात ना? दोन मिनिटांच्या हिशेबाने 'ट्वायलाइट'ला ३९० नळकांडी लागली असती. पुढे ७८ फेऱ्यांची तबकडी आली. एका बाजूला चार मिनिटं धरली तर तेरा तासांना ९८ तबकड्या. प्रेम संपेल, पण तबकड्या बदलणं संपणार नाही.

हा प्रश्न सोडवला तो अंध लोकांच्या संस्थांनी. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेले हजारो सैनिक घरी परतले होते. मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल शिकणं जड जातं, बोटांची सवय लागत नाही. अंध माणसांपैकी बहुतेकांना ब्रेल येतच नव्हतं. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी वर्षाला एक लाख डॉलर मंजूर झाले. तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाने मिनिटाला सवातेहतीस फेऱ्यांची तबकडी तयार केली, एका बाजूला पंधरा मिनिटं. १९३४ मध्ये पहिली बोलकी पुस्तकं लोकांच्या हाती गेली. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये सुरुवात झाली, त्यात अगाथा ख्रिस्तीची 'मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आणि जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' होती. संगीताच्या बाजारात लाँग प्ले रेकॉर्ड आली १९४८ मध्ये. म्हणजे तिच्याआधी चौदा वर्षं अंध वाचक तसल्या तबकड्यांवर कादंबऱ्या ऐकत होते. सोय आधी त्यांच्यासाठी झाली, मग ती आपल्यापर्यंत आली.

हे सगळं सरळ घडलं असं समजू नका. हेलन केलर यांनीच सुरुवातीला विरोध केला होता. मंदीचे दिवस होते, लाखो लोक बेकार होते. अशा वेळी बोलणाऱ्या यंत्रासाठी पैसे मागणं त्यांना योग्य वाटेना. बोलकी पुस्तकं ही त्यांना चैन वाटत होती. पुढे त्यांचं मत बदललं आणि सरकारी मदतीसाठी त्यांनी स्वतः शब्द टाकला. बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून १९४२ पर्यंत तेवीस हजारांवर यंत्रं तयार झाली. ब्रेल वापरणाऱ्या काहींना भीती वाटत होती, की आता आळस वाढेल आणि ब्रेल मागे पडेल. आणि प्रकाशकांनी, लेखकांनी परवानगी दिली ती अट घालून. या तबकड्या फक्त अंधांसाठी, विक्री नाही, चारचौघांत वाजवणं नाही.

या अटीचा परिणाम लांबवर गेला असं आम्हाला वाटतं. ऐकायचं पुस्तक म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याची सोय, अशी एक गाठ लोकांच्या मनात बसली. डोळस माणसाने ऐकलं तर तो पळवाट काढतोय. त्या बाईंच्या प्रश्नात याच गाठीचं एक टोक होतं.

तेव्हाच्या अंध वाचकांचा आणखी एक वाद आजही ताजा आहे. पुस्तक वाचणाऱ्याने अभिनय करावा का? पुष्कळांचं म्हणणं, नको. आम्हाला पुस्तक हवंय, नाटक नको. पात्रं कशी बोलतात ते आमचं आम्ही ठरवू. अलेक्झांडर स्कॉर्बी नावाचे नट १९३७ पासून पुढची कित्येक दशकं वाचत राहिले, चारशेच्या वर पुस्तकं. त्यांची थोरवी लोक सांगत ती हीच, की ते पुस्तकाच्या आड येत नाहीत.

डोळस श्रोत्यांचा बाजार उभा राहिला तो १९५२ नंतर. बार्बरा कोहेन आणि मॅरियन रोनी या दोन बावीस वर्षांच्या मुलींनी न्यूयॉर्कमध्ये डिलन टॉमस या कवीला पाचशे डॉलर आगाऊ देऊन त्याच्याच आवाजात त्याच्या कविता ध्वनिमुद्रित केल्या. कंपनीचं नाव 'कॅडमन'. मग १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. १९७५ मध्ये डुव्हल हेक्ट या गृहस्थांनी 'बुक्स ऑन टेप' काढली. हे १९५६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते नौकापटू, कॅलिफोर्नियात रोज मोटारीने लांब कामाला जायचे आणि रेडिओला कंटाळले होते. चार वर्षांनी वॉकमन आला आणि गोष्ट एका माणसाच्या कानात जाऊन बसली. 'ऑडिबल' कंपनी १९९५ ची, तिचं पहिलं यंत्र १९९७ चं. त्यात जेमतेम दोन तासांचा आवाज मावे. आपलं 'ट्वायलाइट' त्यात सात हप्त्यांत ऐकावं लागलं असतं.

आता त्या सतरा वर्षांच्या मुलीच्या कानात काय चाललंय ते बघू. 'ट्वायलाइट' प्रथमपुरुषी आहे, बेलाच सगळं सांगते. छापील पानावर तो 'मी' आपण आपल्या आवाजात वाचतो. कानात मात्र एक दुसरी मुलगी 'मी' म्हणते, अगदी जवळून, मैत्रिणीने रात्री फोनवर सांगावं तसं. पानावर पावसाची वर्णनं आपण भरभर उलटून पुढे जातो. कानात फोर्क्सचा पाऊस पडायचा तितका वेळ पडतो. एडवर्ड बोलायच्या आधी एक क्षण थांबतो, तर तो क्षण वाचणारी ठरवते, आपण नाही.

कथेतही एक गंमत आहे. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या मनातलं येत नाही, आणि तो तिच्याकडे ओढला जातो त्यात याचा मोठा वाटा आहे. इयरफोन लावलेल्या श्रोत्याला नेमकं तेच ऐकू येत असतं, बेलाचं मन. नायकाला जे मिळत नाही ते ऐकणाऱ्या मुलीला तेरा तास मिळतं. २०२० मध्ये मायरबाईंनी तीच कथा एडवर्डच्या बाजूने लिहिली, 'मिडनाइट सन'. ती जेक एबल या नटाने वाचली आहे आणि जवळजवळ दुप्पट लांब आहे. तेच प्रसंग, तीच वाक्यं, पण आवाज दुसरा. आधी बेलाला जो गूढ आणि शांत वाटला होता, तो आतून किती घाबरलेला होता हे आता कळतं. दोन्ही लागोपाठ ऐकणाऱ्याला, एकाच घटनेच्या दोन साक्षी म्हणजे काय, हे कोणी न शिकवता समजतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शिकवायला आम्हाला वर्ष लागतं.

या पुस्तकावर आक्षेपही आहेत, आणि ते आपण झाकायचं कारण नाही. एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. कादंबरी याला प्रेम म्हणते. पुष्कळ वाचकांनी आणि समीक्षकांनी विचारलं, की हे प्रेम की पाळत? आम्हालाही तो प्रश्न योग्य वाटतो.

मग याला वाचन म्हणायचं का? प्रयोग काय सांगतात ते थोडक्यात. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात काही प्रौढांना पुस्तकाचा भाग ऐकायला दिला, काहींना वाचायला, काहींना दोन्ही एकदम. समजण्यात आणि लक्षात राहण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१९ मध्ये बर्कलेतल्या शास्त्रज्ञांनी मेंदूची चित्रं घेतली. त्याच गोष्टी ऐकताना आणि वाचताना अर्थाशी संबंधित भाग जवळजवळ सारखेच उजळले. उलट बाजूही आहे. २०१० च्या एका अभ्यासात अभ्यासाचा मजकूर नुसता ऐकलेल्या विद्यार्थ्यांना वाचलेल्यांपेक्षा चाचणीत कमी गुण पडले. तेव्हा आपण एवढं म्हणू, की गोष्ट कानाने पूर्ण पोचते. रसायनशास्त्राचा धडा मात्र मुलीने डोळ्यांनी, पेन्सिल घेऊन वाचावा.

आपल्याकडे या प्रश्नाचं आणखी एक अंग आहे. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात आणायला वाट करून दिली. २०१३ मध्ये मराकेश करार झाला, त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश. तो करार २०१६ मध्ये लागू झाला. स्वीडनची 'स्टोरीटेल' २०१७ मध्ये भारतात आली ती इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊन. म्हणजे मराठी कादंबरी पुन्हा कानात आली. पण सतरा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत ऐकायला काय आहे, असा प्रश्न आपण विचारायला हवा. आपण 'मंजुघोषा' तळटीपेत टाकली आणि तिच्या जागी त्या वयासाठी फारसं काही लिहिलं नाही. मग मुलगी फोर्क्सला गेली तर दोष तिचा कसा?

शेवटी त्या बाईंकडे येतो. बाई, तुमच्या पहिल्या तक्रारीला आमचं उत्तर असं. होय, हे वाचन आहे. ज्या भाषेने विद्वानाला बहुश्रुत म्हटलं, त्या भाषेत तरी याबद्दल शंका नको. तसं नाही म्हटलं, तर क्यूबाचे कामगार, युद्धात डोळे गमावलेले सैनिक आणि पोथी ऐकणाऱ्या आपल्या आज्या यांना वाचकांच्या यादीतून काढावं लागेल. दुसऱ्या तक्रारीला उत्तर असं, की "असलं" म्हणण्याआधी ते एकदा ऐकून बघा.

तुमच्या काळजीतला एक भाग मात्र खरा आहे, तो तुम्ही बोलला नाहीत, आम्हीच बोलतो. पोथी लावली की सगळं घर ऐकायचं. मध्येच आजी म्हणायची, "मेला लबाड आहे हो तो!" कोणी हसायचं, कोणी डोळे पुसायचं, आणि कुठली गोष्ट कशी घ्यायची हे मुलांना त्या बोलण्यातून कळायचं. इयरफोनमध्ये मुलगी एकटी ऐकते. एडवर्ड रात्री खोलीत येऊन बसतो, तेव्हा तिच्या शेजारी "हे बरं नव्हे" म्हणणारं कोणी नसतं. आपण गमावलं असेल तर ते हे.

त्यावर उपाय सोपा आहे. संध्याकाळी भाजी निवडायला बसाल तेव्हा मुलीला म्हणा, तुझ्या त्या कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने लाव. इंग्रजीचं राहू दे, अडेल तिथे ती सांगेल. आणि तुम्हाला जे वाटेल ते मध्येच बोला. ती वैतागेल. पण थांबवून पुन्हा पुढे लावायचं बटण आता आहे, बाणाच्या पोपटाला ते नव्हतं.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण मराठी मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांकडे, आणि पुढचा अंक येईपर्यंत महिनाभर वाट बघणाऱ्या वाचकांकडे वळणार आहोत.